जुन्या गाडीचे हेडलाइट मिणमिणतात? बल्ब बदलण्याआधी व्होल्ट मोजा

हॅलोजन बल्बच्या जुन्या गाड्यांची हेडलाइटची दुखणी मी आजवर इतक्यांदा काढली आहेत, की मालकाने तोंड उघडण्याआधी तक्रार काय असेल याचा अंदाज येतो. ती बहुधा यांतली एखादी असते:

- उजेड पांढरट न पडता पिवळसर, तांबूस पडतो.
- इंजिन मंद फिरत असताना दिवे मिणमिणतात आणि अॅक्सिलरेटर दाबला की चढतात.
- एक दिवा ठीक, दुसरा मंद.
- डिपर (जवळचा, खाली पडणारा उजेड) लावल्यावर एका बाजूच्या बल्बमधल्या दोन्ही फिलामेंट अर्धवट पेटतात आणि डॅशबोर्डवरचा अप्परचा (लांबच्या उजेडाचा) निळा दिवाही अंधुक लागतो. कधी इंडिकेटर दिला की त्याच्या तालावर हेडलाइट कमी-जास्त होतो.
- डिपरची दांडी किंवा हेडलाइटचा स्विच हाताला गरम लागतो. बल्बचा होल्डर तपकिरी पडलेला किंवा वितळलेला असतो.
- दिवे दहा-पंधरा मिनिटांनी आपोआप जातात आणि थोड्या वेळाने आपोआप येतात.
- बल्ब दर दोन-तीन महिन्यांनी उडतो.

शेवटचं लक्षण बाकीच्यांच्या उलट आहे, त्यात व्होल्टेज कमी नसून जास्त असतं. त्याच्याकडे चार्जिंगच्या तपासणीत येऊ.

पहिल्या चार-पाच तक्रारींवर बहुतेक जण एकच इलाज करतात: ५५/६० वॅटचा बल्ब काढून ९०/१०० वॅटचा घालतात. माझा याला ठाम विरोध आहे, आणि कारण साध्या गणिताचं आहे. डिपरच्या ५५ वॅटच्या फिलामेंटला १२ व्होल्टवर साधारण ४.६ अँपिअर लागतात, दोन्ही बाजू धरून ९ च्या वर. जुन्या गाडीत हा सगळा करंट बॅटरीपासून डॅशबोर्डच्या स्विचपर्यंत, तिथून डिपरच्या स्विचपर्यंत आणि मग पुन्हा पुढे दिव्यापर्यंत जातो. एवढ्या लांब, बारीक आणि वीस-तीस वर्षं जुन्या वायरीत वाटेतच दीड-दोन व्होल्ट खर्ची पडतात. त्याच वायरीवर ९० वॅटचा बल्ब लावला की करंट वाढतो, त्याबरोबर वाटेतली गळतीही वाढते, आणि ती गळती म्हणजे उष्णता असते. ती स्विचमध्ये आणि होल्डरमध्ये साचते. रिफ्लेक्टरचा चकचकीत थर भाजून निघतो तो वेगळाच. अनेक देशांत असे बल्ब रस्त्यावर वापरायला परवानगीही नाही.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची आहे. हॅलोजन बल्बचा उजेड व्होल्टेजच्या प्रमाणात कमी होत नाही, त्याहून फार वेगाने कमी होतो. व्होल्टेज १० टक्के घसरलं की उजेड साधारण ३० टक्के जातो. माझ्याच गाडीवर इंजिन चालू असताना बॅटरीवर १३.९ व्होल्ट होते आणि बल्बच्या पायांवर ११.६. म्हणजे उजेड जवळजवळ निम्मा. बल्ब नवा होता, चांगला होता, त्याचा काहीही दोष नव्हता. त्याच्यापर्यंत वीजच पुरेशी पोचत नव्हती.

पैसे न लागणाऱ्या तपासण्या

आधी काच बघा. पॉलिकार्बोनेटच्या काचा उन्हाने पिवळ्या, धुरकट होतात. अशी काच असेल तर वायरिंग कितीही सुधारलं तरी उजेड आतच विखुरतो. मग बल्ब काढून आतला रिफ्लेक्टर बघा. तो आरशासारखा हवा. राखाडी, सोललेला किंवा धूळ बसलेला दिसला तर तो पुसायच्या फंदात पडू नका, त्यावरचा अॅल्युमिनियमचा थर कापडानेही निघून येतो. असा रिफ्लेक्टर म्हणजे दिवाच बदलायचा. सील्ड बीमचे दिवे असतील तर त्यात बल्ब वेगळा निघत नाही, अख्खा दिवा बदलतात.

बल्ब नीट बसलाय का, हेही बघा. एच४ बल्बच्या (डिपर आणि अप्पर अशा दोन फिलामेंटचा हॅलोजन बल्ब) कड्याला तीन कान असतात आणि तो एकाच पद्धतीने खाचेत बसतो. घाईत कोणीतरी वाकडा दाबून वरून क्लिप लावलेली मी बऱ्याच वेळा पाहिली आहे. फिलामेंट दोन-तीन मिलिमीटर जरी जागेवरून हलली तरी किरणांची दिशा बदलते आणि माणसाला वाटतं की उजेड कमी झालाय. नवा बल्ब घालताना त्याच्या काचेला बोट लावू नका. बोटाचा तेलकटपणा तापलेल्या काचेवर भाजतो, तिथे काच जास्त तापते आणि बल्ब लवकर जातो.

बॅटरी आणि चार्जिंग

इथून पुढे मल्टीमीटर लागेल. साधा, स्वस्तातला चालतो.

रात्रभर उभ्या गाडीच्या बॅटरीवर १२.६ च्या आसपास व्होल्ट हवेत. इंजिन चालू करून, हेडलाइट लावून, अॅक्सिलरेटर थोडा दाबून पुन्हा मोजा. १३.८ ते १४.४ मिळाले तर चार्जिंग ठीक आहे. १३ च्या खाली राहत असेल तर आधी पट्टा सैल आहे का ते बघा, मग अल्टरनेटर. खूप जुन्या गाड्यांत अल्टरनेटरऐवजी डायनॅमो असतो आणि तो मंद इंजिनावर फारसं देतच नाही. तिथे सिग्नलला उभं असताना दिवे थोडे उतरणं हा दोष धरू नका.

ही तपासणी आधी करायचं कारण असं, की मूळ झराच आटलेला असेल तर पुढची सगळी मोजमापं फसवी येतात.

आणि १४.८-१५ च्या वर जात असेल तर थांबा. रेग्युलेटर बिघडला आहे. ५ टक्के जास्त व्होल्टेजने हॅलोजन बल्बचं आयुष्य जवळपास निम्मं होतं. वारंवार उडणाऱ्या बल्बचं बहुधा हेच कारण असतं. अशा स्थितीत बॅटरीचंही पाणी उकळून जातं. रेग्युलेटर दुरुस्त होईपर्यंत हेडलाइटच्या वायरिंगला हात लावण्यात अर्थ नाही.

बल्बपाशी पोचतात किती?

सगळ्या तपासण्यांत ही मला सर्वांत मोलाची वाटते, आणि नेमकी हीच बहुतेक जण चुकीच्या पद्धतीने करतात. ते प्लग बल्बपासून काढतात, मीटरच्या सुया प्लगमध्ये घालतात, १२.६ दिसतं आणि वायरिंग उत्तम आहे असं ठरवतात. मीटर स्वतः करंट जवळजवळ घेतच नाही. वायरीचा एकच धागा शिल्लक असला तरी मीटरला पूर्ण व्होल्ट दिसतात. गळती करंट वाहताना होते, म्हणून बल्ब जोडलेला आणि पेटलेला असतानाच मोजायचं.

प्लग बल्बवर तसाच ठेवा. मीटरची सुई प्लगच्या मागच्या बाजूने, वायरीच्या शेजारून आत सरकवा म्हणजे ती पितळी पट्टीला टेकेल. वायरीचं आवरण टोचू नका. त्या भोकातून पाणी शिरतं आणि वर्षभरात आत तांबं हिरवं पडतं.

आता इंजिन चालू, डिपर लावलेला, आणि तीन मोजमापं:

१. बॅटरीच्या दोन टोकांवर. समजा १३.९.
२. बॅटरीच्या धन टोकापासून बल्बच्या डिपरच्या पायापर्यंत. चांगल्या गाडीत ०.५ च्या आत.
३. बॅटरीच्या ऋण टोकापासून बल्बच्या अर्थिंगच्या (करंट बॉडीतून बॅटरीकडे परत नेणाऱ्या) पायापर्यंत. ०.२ च्या आत, खरं तर ०.१ असायला हवं.

दुसरा आणि तिसरा आकडा म्हणजे वाटेत हरवलेले व्होल्ट. माझ्या गाडीत धन बाजूला १.४ आणि अर्थिंगला ०.९ हरवत होते. दोष कुठे शोधायचा हे या दोन आकड्यांनी ठरतं. दोन्ही मर्यादेत असतील आणि तरी उजेड कमी वाटत असेल तर वायरिंग सोडा; काच, रिफ्लेक्टर किंवा दिव्याची दिशा बघा.

एक सावधगिरी. काही गाड्यांत, विशेषतः बऱ्याच जुन्या जपानी बनावटीच्या गाड्यांत, रचना उलटी असते: बल्बच्या सामाईक पायाला थेट धन वीज येते आणि स्विच ऋण बाजू जोडतो. ओळखायला सोपं आहे. हेडलाइट लावून तिन्ही पाय बॅटरीच्या ऋण टोकाच्या तुलनेत मोजा. दिवा पेटलेला असताना सामाईक पायावर १२-१३ व्होल्ट आणि डिपरच्या पायावर शून्याच्या जवळ दिसलं, तर तुमची गाडी उलट्या रचनेची आहे. हे कागदावर लिहून ठेवा, पुढे रिले (थोड्या करंटच्या इशाऱ्यावर मोठा करंट जोडणारा स्विच) लावताना लागेल.

जाता जाता: न पेटलेल्या, थंड बल्बचा रोध ओहममध्ये मोजला तर ०.२-०.३ च्या आसपास येतो आणि लोक शॉर्ट आहे म्हणून घाबरतात. थंड टंगस्टनचा रोध तापलेल्याच्या सुमारे दहावा हिस्सा असतो. बल्ब चांगला आहे.

अर्थिंग

एकच दिवा मंद असेल, दोन्ही फिलामेंट अर्धवट पेटत असतील, इंडिकेटरबरोबर हेडलाइट नाचत असेल, तर मी दुसरीकडे कुठे बघतच नाही, थेट अर्थिंगकडे जातो. त्या दिव्याची ऋण वायर बॉडीला जिथे बोल्टने आवळलेली असते, तिथला सांधा गंजला की करंटला परत जायला वाट उरत नाही. मग तो डिपरच्या फिलामेंटमधून निघून त्याच बल्बच्या अप्परच्या फिलामेंटमध्ये उलटा शिरतो, अप्परच्या वायरीने पलीकडच्या दिव्यापर्यंत जातो आणि तिथल्या चांगल्या अर्थिंगने परततो. वाटेत अप्परचा निळा दिवाही थोडा उजळतो. ज्यांनी हे पहिल्यांदा पाहिलंय ते स्विच, रिले, सगळं बदलून बसतात. खरा दोष एका गंजलेल्या बोल्टमध्ये असतो.

बॅटरीचं ऋण टोक सोडवा. दिव्याच्या मागची अर्थिंगची वायर धरून ती बॉडीला कुठे लागते तिथपर्यंत जा. बोल्ट काढा, थिंबल (वायरीच्या टोकाला दाबलेली धातूची कडी) आणि त्याखालचा पत्रा पॉलिश पेपरने चकाकेपर्यंत घासा, रंग राहू देऊ नका. घट्ट आवळा आणि वरून ग्रीस लावा. ग्रीस वरूनच, कारण आतला पत्रा आणि थिंबल एकमेकांना थेट भिडले पाहिजेत. नंतर पाणी आत जाऊ नये एवढंच ग्रीसचं काम. बॅटरीपासून बॉडीला आणि इंजिनाला जाणाऱ्या जाड पट्ट्यांचेही सांधे असेच साफ करा. थिंबलमध्ये दाबलेली वायर हिरवी किंवा ठिसूळ झाली असेल तर तेवढा तुकडा कापून नवं थिंबल दाबा.

माझ्या गाडीत एवढ्यानेच बल्बचं व्होल्टेज ११.६ वरून १२.३ झालं. निम्म्यावर आलेला उजेड दोन तृतीयांशावर गेला, आणि खर्च फक्त पॉलिश पेपरचा.

फ्यूज, कपलर, स्विच

धन बाजूला गळती जास्त असेल तर ती टप्प्याटप्प्याने शोधा. दिवे चालू ठेवून फ्यूजच्या दोन्ही टोकांवर मोजा, मग प्रत्येक कपलरच्या (वायरी जोडणाऱ्या प्लगच्या) अलीकडे-पलीकडे, मग स्विचच्या येणाऱ्या आणि जाणाऱ्या वायरीवर. जिथे ०.३-०.४ दिसतात तिथे हात लावून बघा, बहुतेक गरम लागेल. फ्यूजच्या पट्ट्या आणि कपलरच्या पिना कॉन्टॅक्ट क्लीनरने साफ होतात. सैल झालेल्या मादी पिना बारीक पकडीने किंचित दाबून घ्या.

आपोआप जाणारे-येणारे दिवे मात्र गांभीर्याने घ्या. बऱ्याच जुन्या अमेरिकन गाड्यांच्या हेडलाइट स्विचमध्येच एक तापून उघडणारा ब्रेकर असतो. करंट जास्त झाला की तो दिवे तोडतो, थंड झाला की जोडतो. म्हणजे वाटेत कुठेतरी वायर बॉडीला घासते आहे, बल्ब जास्त वॅटचा आहे, किंवा स्विच आतून जळत आला आहे. चालत्या गाडीत अंधार होण्याची वाट बघू नका, दोष सापडून दुरुस्त होईपर्यंत रात्री गाडी बाहेर काढू नका.

कुठे थांबायचं

रिलेच्या कामाला हात घालण्याआधी हे वाचा. पुढीलपैकी काहीही दिसलं तर बॅटरीचं टोक सोडवा आणि ऑटो इलेक्ट्रिशियनला बोलवा:

- फ्यूज पुन्हा पुन्हा उडतो. मोठा फ्यूज घालून प्रश्न सुटत नाही, त्याने वायर हाच फ्यूज होतो आणि आग डॅशबोर्डच्या आत लागते.
- डॅशबोर्डखाली आवरण जळाल्याचा वास, किंवा वायरींचा जुडगा एकत्र चिकटलेला.
- दोष स्टिअरिंगच्या खांबातल्या डिपर स्विचमध्ये आहे आणि गाडीला एअरबॅग आहे.
- हेडलाइट संगणकातून चालतात, किंवा बल्ब गेल्याची सूचना डॅशबोर्डवर येते. अशा गाडीत रिले घातला की संगणकाला बल्ब गेल्यासारखं वाटू शकतं.
- दिवे झेनॉनचे आहेत. त्यांच्या सुरुवातीच्या ठिणगीला हजारो व्होल्ट असतात. तिथे घरच्या मल्टीमीटरचं काम नाही.

रिले

अर्थिंग, कपलर सगळं साफ करूनही धन बाजूला व्होल्टभर गळती राहिली तर मूळ वायरच अपुरी आहे. तांब्याच्या ०.७५ चौरस मिलिमीटरच्या वायरीतून ९ अँपिअर चार मीटर नेले तर ०.८ व्होल्टच्या वर जातात, सांधे कितीही चांगले असोत. ती घासून सुधारत नाही. मग दिव्यांना बॅटरीपासून थेट जाड वायर द्यायची आणि जुन्या वायरीने फक्त रिलेला इशारा करायचा. रिलेच्या कॉइलला ०.१५ ते ०.२ अँपिअर पुरतात, त्यामुळे स्विच आणि डिपरवरचा भार जवळजवळ नाहीसा होतो. जुन्या गाडीचा स्विच मिळणं अवघड असतं. त्याला जपायचं म्हणूनही मी हे काम करतो.

लागणारं सामान: ३०-४० अँपिअरचे चार पायांचे दोन रिले, त्यांचे सॉकेट, फ्यूज होल्डर दोन, २.५ चौरस मिलिमीटरची वायर आणि दोन सिरॅमिक होल्डर.

बॅटरीचं ऋण टोक सोडवा. (काही जुन्या ब्रिटिश गाड्यांत बॉडीला धन टोक जोडलेलं असतं. तिथे बॉडीला जोडलेलं टोक आधी सोडवायचं आणि आत डायोड नसलेला रिले घ्यायचा.) एक रिले डिपरसाठी, एक अप्परसाठी, दोघांना वेगवेगळा १५ किंवा २० अँपिअरचा फ्यूज. एकच फ्यूज ठेवला तर तो उडाल्यावर वळणावर दोन्ही उजेड एकदम जातात. फ्यूज बॅटरीच्या धन टोकापासून वीतभराच्या आत हवा, कारण त्याच्या अलीकडच्या वायरीला कुणाचंच संरक्षण नसतं.

फ्यूजमधून आलेली वायर रिलेच्या ३० नंबरच्या पायाला. ८७ वरून दोन्ही दिव्यांच्या नव्या होल्डरला. एका बाजूचा जुना प्लग इशाऱ्यासाठी वापरा: त्यातली डिपरची वायर डिपर रिलेच्या ८६ ला, अप्परची दुसऱ्या रिलेच्या ८६ ला, आणि दोघांचे ८५ अर्थिंगला. गाडी उलट्या रचनेची असेल तर सामाईक धन वायर दोन्ही ८६ ना आणि स्विचकडून येणाऱ्या डिपर-अप्परच्या वायरी आपापल्या ८५ ना. दुसऱ्या बाजूचा जुना प्लग टेप लावून, तोंड खाली करून बांधून टाका. मूळ हार्नेस (वायरींचा जुडगा) कापायचा नाही. उद्या काही बिघडलं तर जुना प्लग परत बल्बला लावून घरी येता आलं पाहिजे.

दिव्यांची अर्थिंगही २.५ च्या वायरीने थेट बॅटरीच्या ऋण टोकाला न्या. धन बाजू जाड करून अर्थिंग जुनंच ठेवलं तर अर्धं काम वाया जातं, आणि बाजारातल्या तयार हार्नेसमध्ये नेमकी हीच वायर बारीक असते. सांधे योग्य पकडीने दाबा. पत्र्यातून वायर जाते तिथे रबरी ग्रोमेट (भोकाच्या कडेला बसणारी कडी) घाला. रिलेंची तोंडं खाली ठेवा म्हणजे पाणी साचत नाही, आणि त्यांना एक्झॉस्टपासून दूर बसवा.

फ्यूज घालण्याआधी वायरी पुन्हा एकदा वर सांगितलेल्या जोडणीशी ताडून बघा. मग फ्यूज घाला, बॅटरी जोडा, डिपर लावा. टक् असा आवाज येऊन दोन्ही दिवे लागले पाहिजेत. अप्परवर गेलं की डिपर सुटला पाहिजे. एच४ मध्ये दोन्ही फिलामेंट एकत्र जळत राहिल्या तर एकाच बल्बमध्ये ११५ वॅटची उष्णता होते. फक्त क्षणभर अप्परचा इशारा देताना तसं झालं तर हरकत नाही.

पुन्हा तीच तीन मोजमापं घ्या. माझ्या गाडीत या कामानंतर बल्बवर १३.६ आले, त्याच ५५/६० च्या बल्बवर.

आता दिव्यांची दिशा लावल्याशिवाय रस्त्यावर जाऊ नका. आधी मंद होता म्हणून कोणाला जाणवला नसेल, पण वर झालेला दिवा आता समोरच्याच्या डोळ्यांत जातो. टायरमध्ये योग्य हवा, चालकाच्या जागेवर माणूस, सपाट जमीन, समोर ५ मीटरवर भिंत. डिपरच्या उजेडाची वरची कडा दिव्याच्या मध्यापासून साधारण ५ सेंटिमीटर खाली यायला हवी. १० मीटरवर तेच १० सेंटिमीटर.

महिनाभराने एकदा, अर्धा तास दिवे लावून गाडी चालवल्यावर बॉनेट उघडा आणि फ्यूज होल्डर, रिलेचे सॉकेट, अर्थिंगचे थिंबल यांना बोट लावून बघा. कोमट चालेल. बोट ठेववत नसेल इतकं गरम असेल तर तो सांधा नीट दाबला गेलेला नाही, तो कापून पुन्हा करा.